कोडमधला शोध आणि खोडदची शिस्त

खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये, म्हणजे जीएमआरटीमध्ये, ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यवर्ती परिसरात जवळजवळ उभ्या आहेत आणि १६ पूर्व, पश्चिम व दक्षिण अशा तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. मध्यवर्ती अँटेनांची नावे सी-०० पासून सी-१४ पर्यंत जातात. क्रमाने मोजली तर ती १५ भरायला हवीत. पण सी-०७ नावाची अँटेना तिथे नाही. तशीच पूर्वेला ई-०१ नाही आणि दक्षिणेला एस-०५ नाही. दुर्बिणीवर काम करणाऱ्यांच्या हे इतके अंगवळणी पडलेले असते की कोणी ते मुद्दाम सांगत नाही.

आता असे समजा, की या दुर्बिणीच्या नोंदी वाचणारा एखादा जुना प्रोग्राम आपण एआय एजंटच्या हाती दिला आणि विचारले, ‘सी-०७ची नोंद का दिसत नाही?’ एजंटने कोडमध्ये ते नाव शोधले आणि साधनाने उत्तर दिले, ‘काही आढळले नाही.’ या उत्तरातून एजंटने काय समजायचे? अँटेना मुळातच नाही? की आहे, पण तिचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिले आहे? की नावांची यादी अशा फाइलीत आहे जिच्याकडे साधनाने पाहिलेच नाही? माणूस उठून शेजारच्या टेबलावर विचारून येईल. एजंटला शेजार नसतो. शोधसाधन जे पुढे ठेवील तेवढेच त्याचे जग. एजंटांसाठी कोडशोध या क्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या वाचकांसाठी ही प्रस्तावना लिहिताना तो खोडदच्या आधाराने मांडावा असे मनापासून वाटले.

आधी एजंट म्हणजे काय ते थोडक्यात. भाषेचे एक मोठे मॉडेल, त्याच्या हाताशी दिलेली काही साधने (फाइल उघडणे, शोधणे, बदलणे, चाचणी चालवणे), आणि काम संपेपर्यंत ही साधने पुन्हा पुन्हा वापरण्याची मुभा. मॉडेलला एका वेळी ठरावीक लांबीचाच मजकूर वाचता येतो. लिनक्सच्या गाभ्याचे कोड ३ कोटी ओळींच्या पुढे गेले आहे. तेवढे एका वाचनात बसवण्याचा प्रश्नच येत नाही. आणि बसले तरी भागत नाही. २०२३ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले, की लांबलचक मजकुराच्या सुरुवातीचा आणि शेवटचा भाग मॉडेल बऱ्यापैकी वापरते, मधला मात्र त्याच्या हातून निसटतो. म्हणून हजारो फाइलींमधून नेमक्या कोणत्या चाळीस-पन्नास ओळी त्याच्यापुढे ठेवायच्या, हे ठरवणे ही स्वतंत्र विद्या झाली आहे.

या विद्येची मुळे एजंटांच्या कितीतरी आधीची आहेत. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये नमुन्यानुसार मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९७३ च्या सुमारास युनिक्समध्ये ‘ग्रेप’ आले. ते आजही रोज वापरले जाते, एजंटही तेच किंवा त्याचेच वंशज वापरतात. पुढे फंक्शनांच्या व्याख्यांची सूची करणारे ‘सीटॅग्ज’ आले, कोणते फंक्शन कोणाला हाक मारते ते दाखवणारे ‘सीस्कोप’ आले. २००६ मध्ये गूगलने जगभरच्या खुल्या कोडमध्ये शोध घेण्याची सोय सुरू केली. ती २०१२ च्या सुरुवातीला बंद झाली, पण ती घडवणारे रस कॉक्स यांनी तेव्हाच तिच्यामागचे तंत्र सविस्तर लिहून ठेवले. आजच्या कित्येक साधनांचा पाया ते तंत्र आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

कल्पना साधी आहे. प्रत्येक फाइलीतले सलग तीन-तीन अक्षरांचे तुकडे काढायचे आणि कोणता तुकडा कोणत्या फाइलींत येतो याची सूची करून ठेवायची. शब्द शोधायला आला, की त्याचे तुकडे पाडायचे, ते सगळे जिथे आहेत तेवढ्याच फाइली निवडायच्या आणि त्या उघडून खात्री करायची. लाखो फाइली चाळायच्या ऐवजी शंभरेक चाळाव्या लागतात.

हे तंत्र खोडदच्या कोडवर चालवले तर काय होईल? जीएमआरटीच्या नोंदी एलटीए नावाच्या, तिथल्याच घडणीच्या स्वरूपात साठवल्या जातात. त्यांवरून आधी ‘लिस्टस्कॅन’ आणि मग ‘जीव्हीफिट्स’ हे प्रोग्राम चालवून जगभर चालणारे फिट्स स्वरूप तयार होते. समजा एजंटला विचारले, ‘एलटीए कुठे वाचले जाते ते शोध.’ रोमन लिपीत ही तीनच अक्षरे, म्हणजे नेमका एक तुकडा. आणि हाच तुकडा ‘डेल्टा’ या शब्दाच्या शेवटी जसाच्या तसा येतो. खगोलशास्त्राच्या कोडमध्ये डेल्टा पावलोपावली असतो: क्रांती डेल्टा, काळातला फरक डेल्टा, वारंवारतेतले अंतर डेल्टा. एजंटपुढे शेकडो ओळी येतील आणि त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतील. मग तो शहाणपणा करून ‘पूर्ण शब्दच हवा’ अशी अट घालील. डेल्टा गळतील खरे, पण या अटीच्या नियमात खालची रेघ हेही अक्षरच धरले जाते. त्यामुळे एलटीएला रेघ जोडून पुढे ‘हेडर’ असे लिहिलेले नावही गळेल, आणि नेमके तेच हवे असेल. साधनाने दोन्ही वेळा आपले काम चोख केलेले असते.

शोधाचे यश मोजताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात: मिळालेल्यांपैकी किती कामाचे, आणि कामाच्यांपैकी किती मिळाले. सिरिल क्लेव्हरडन यांनी इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथे १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांपासून ग्रंथशोधात ही शिस्त रुजली. कोडशोधाने ती तिथून उचलली. माझ्या मते एजंटांच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक जपावी लागते. नको असलेली ओळ पुढे आली तर मॉडेल ती बहुधा ओळखून बाजूला ठेवते. जी ओळ आलीच नाही तिच्याविषयी त्याला शंकाही येत नाही.

नुसती अक्षरे जुळवणे पुरत नाही, म्हणून दोन दिशांनी काम पुढे गेले. एक दिशा व्याकरणाची. ‘ट्री-सिटर’सारखी साधने कोडचे व्याकरण ओळखून फंक्शन कुठे सुरू होते, कुठे संपते ते सांगतात, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे ‘ही व्याख्या कुठे आहे’ आणि ‘ही कुठे कुठे वापरली आहे’ हे प्रश्न कोणत्याही संपादकातून एकाच पद्धतीने विचारता येऊ लागले. दुसरी दिशा अर्थाची. कोडचा तुकडा आणि माणसाचा प्रश्न दोन्ही आकड्यांच्या रांगेत बदलायचे आणि ज्या रांगा जवळच्या, ते तुकडे पुढे ठेवायचे. २०१९ चा ‘कोडसर्चनेट’ हा संग्रह याच दिशेचा: सहा भाषांमधली सुमारे २० लाख फंक्शने आणि त्यांची वर्णने एकत्र केलेला.

अर्थाच्या शोधाकडून मला मोठ्या आशा आहेत, पण विज्ञानाच्या कोडमध्ये एकट्या त्याच्यावर विसंबू नये. रेडिओ खगोलशास्त्रात ‘फ्लॅग’ करणे म्हणजे खराब नोंद बाद ठरवणे. जीएमआरटीच्या नोंदींसाठी ‘फ्लॅगकॅल’ नावाचा प्रोग्रामच आहे. सर्वसाधारण कोडमध्ये मात्र फ्लॅग म्हणजे हो किंवा नाही सांगणारी खूण, नाहीतर आज्ञेला जोडलेला पर्याय. मॉडेल ज्या कोडवर शिकले त्यात दुसरा अर्थ हजारपट अधिक असणार. ‘खराब नोंदी कुठे फ्लॅग होतात’ असे विचारले, की जवळच्या म्हणून वेगळ्याच ओळी पुढे येण्याचा धोका राहतो. पहिला अंदाज अर्थावरून, मग खात्री अक्षरांवरून आणि व्याकरणावरून, असा क्रम ठेवणे मला बरे वाटते.

एजंट प्रत्यक्षात कसा शोधतो याचे एक छान उदाहरण खगोलशास्त्रातूनच मिळते. एजंटांची परीक्षा घेण्यासाठी २०२३ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी ‘एसडब्ल्यूई-बेंच’ हा संच मांडला: पायथनच्या १२ खुल्या प्रकल्पांतून घेतलेल्या २,२९४ खऱ्या तक्रारी. तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलला त्यांतल्या २ टक्केही सुटल्या नव्हत्या. या १२ प्रकल्पांत ‘अ‍ॅस्ट्रोपाय’ आहे, जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो. त्यातली एक तक्रार अशी: अनेक गणिती मॉडेले जोडून तयार केलेल्या मॉडेलमध्ये कोणते अक्ष एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे सांगणारे फंक्शन, जोडलेल्यात पुन्हा जोडलेले घातले की चुकीचे उत्तर देते. तक्रारीत फक्त त्या बाहेरच्या फंक्शनचे नाव आहे. ते शोधले की फाइल सापडते. पण दोष तिथे नाही. ते फंक्शन आतल्या दुसऱ्याला बोलावते, ते तिसऱ्याला, आणि तिथे एका ओळीत उजवीकडचा तक्ता जसाच्या तसा ठेवायच्या जागी सगळीकडे १ भरलेला आहे. दुरुस्ती एका ओळीची. तक्रारीच्या शब्दांत आणि दोषाच्या ओळीत अक्षराचेही साम्य नाही. जोडते ती फक्त बोलावण्याची साखळी. ही साखळी टप्प्याटप्प्याने उलगडू देणे हे चांगल्या साधनाचे लक्षण.

टप्पे किती मोठे असावेत, हाही प्रश्न आहेच. त्याच गटाने २०२४ मध्ये ‘एसडब्ल्यूई-एजंट’ बांधताना त्या संचातल्या निवडक तक्रारींवर शोधाचे तीन प्रकार ताडून पाहिले. सगळे निकाल थोडक्यात आणि ५० च्या मर्यादेत दाखवले, जास्त निघाले तर ‘शोध अधिक नेमका करा’ असे सांगितले, तेव्हा १८ टक्के तक्रारी सुटल्या. वेगळे शोधसाधन न देता १५.७ टक्के. आणि माणसांच्या संपादकात असते तसे ‘पुढचा, पुढचा’ करत एकेक निकाल दाखवणारे साधन दिले, तेव्हा १२. साधन देऊन काम बिघडले! एजंट प्रत्येक निकाल पाहतच बसला. माणसाला सोयीचे ते एजंटला सोयीचे असेलच असे नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आता पुन्हा खोडदकडे वळू, कारण ‘आढळले नाही’ या उत्तराचा गांभीर्याने विचार करणारी परंपरा तिथे आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या स्वस्तात उभ्या करण्यासाठी ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवण्याची युक्ती काढली, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही सांगितले जाते. त्या मानाने कमी सांगितले जाते ते असे, की ही दुर्बीण हळूहळू तारांकडून कोडकडे सरकत गेली. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे संकेत पडताळण्याचे काम आधी खास बनवलेल्या विद्युतमंडलांकडे होते. २०१० च्या सुमारास ते सॉफ्टवेअरवर आले, आणि अद्ययावत जीएमआरटीमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरांवर, पूर्वीच्या ३२ मेगाहर्ट्झऐवजी ४०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यासाठी. प्रतिमा तयार करण्यासाठी १९७० च्या दशकाअखेरीपासूनचे ‘एप्स’ आहे, नंतरचे ‘कासा’ आहे, त्यावर इथे बेतलेले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘कॅप्चर’ आहे. वेगवेगळ्या पिढ्यांचे, वेगवेगळ्या भाषांतले कोड.

‘आढळले नाही’च्या त्या परंपरेचे उदाहरण असे: याच दुर्बिणीवर एका आंतरराष्ट्रीय गटाने विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या हायड्रोजनचा क्षीण संकेत शोधला. तो मिळाला नाही. विज्ञानात अशा वेळी ‘नाही’ एवढे लिहून चालत नाही. ‘अमुक मर्यादेपर्यंत पाहिले, त्याहून मोठा संकेत असता तर दिसला असता’ असे लिहावे लागते. २०११ मध्ये त्यांनी ती मर्यादा ७० मिलिकेल्विन दिली. मग त्यांनी स्वतःच्याच पद्धतीला प्रश्न विचारला. आपल्या आकाशगंगेचा आणि इतर दीर्घिकांचा प्रखर गोंगाट गाळताना हवा असलेला संकेतही थोडा गाळला जात असेल का? त्यांनी खोटा संकेत नोंदींत मिसळला, तीच गाळणी लावली आणि त्यातला किती उरतो ते मोजले. बराच गेला होता. २०१३ मध्ये सुधारित मर्यादा प्रसिद्ध झाली ती २४८ मिलिकेल्विन: साडेतीनपट सैल, पण अधिक खरी. या शोधनिबंधाबद्दल मला नितांत आदर आहे. शोधाने काय सापडले यापेक्षा शोधच किती गिळतो हे मोजण्याला त्यांनी महत्त्व दिले.

कोडशोधात ही शिस्त अजून यायची आहे. आज एजंटांमध्ये फार वापरले जाणारे ‘रिपग्रेप’ घ्या. २०१६ मध्ये आलेले, अतिशय वेगवान आणि उत्तम साधन. ते न सांगता लपलेल्या फाइली वगळते, बायनरी फाइली वगळते, आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने दुर्लक्ष करावे म्हणून नोंदवलेल्या फाइलीही वगळते. माणसासाठी ही सोय आहे, आणि कागदपत्रांत ती स्पष्ट लिहिलेली आहे. पण यंत्राने तयार केलेले कोड किंवा स्थानिक मांडणीच्या फाइली नेमक्या त्या वगळलेल्या यादीत असू शकतात. खोडदसारख्या ठिकाणी एखाद्या अँटेनाची जुळवणी अशाच फाइलीत असली तर? एजंटला रिकामे उत्तर मिळते, तो ‘असे काही नाही’ असे धरून चालतो आणि आहे त्याचीच दुसरी आवृत्ती लिहून ठेवतो. अशा वेळी मर्यादेसह दिलेले उत्तर कसे असेल? ‘इतक्या फाइली पाहिल्या, इतक्या या कारणाने वगळल्या, सूची अमुक बदलापर्यंतची आहे, आणि हे शब्द कुठेच नाहीत.’ चार तुकड्यांचे वाक्य. ते देणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही, म्हणूनच ते दिले जात नाही याची खंत वाटते.

मराठीत काम करणाऱ्याला ही खंत आणखी जवळून भेटते. आपल्या कार्यालयांच्या संगणकप्रणालींत पडद्यावरचा मजकूर मराठी असतो, कधी कोडमधल्या टिपाही. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी साठतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे रूपे एकसारखी करण्याचे ठरलेले नियम लावले तरी हा भेद मिटत नाही. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीचा शब्द सापडत नाही आणि साधन निःशंकपणे ‘आढळले नाही’ म्हणते. शिवाय विचारणारा मराठीत विचारतो, ‘विलंबाची दुरुस्ती कुठे होते?’ आणि कोडमध्ये असते इंग्रजी शब्दाचे स्वर गाळून केलेले तीन अक्षरी नाव. इथे अर्थाचा शोध खरोखर उपयोगी पडतो. मराठीसाठी शोध सुधारण्याचे काम मराठी जाणणाऱ्यांनीच हाती घेतले पाहिजे. बाहेरचा कोणी ‘ऱ्य’साठी थांबणार नाही.

एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो. शोधातून आलेली ओळ हा पुरावा असतो, आज्ञा नव्हे. कोडमधल्या टिपेत कोणी एजंटला उद्देशून काही लिहून ठेवले असेल, तर साधनाने आणि एजंटने तो मजकूर म्हणूनच वागवला पाहिजे.

आता तुमच्याविषयी. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे, ओतूर-नारायणगाव-मंचरहून पुण्याला जाऊन सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनात कधीतरी रांगेत उभे राहिलेले, असे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. या क्षेत्रात येण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक दुर्बिणीत भारताचा सहभाग आहे. त्यासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि तिच्या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने केले. तिचे सॉफ्टवेअर गिटलॅबवर खुले आहे. घरच्या संगणकावर ते उतरवून घेता येते.

ते उतरवा आणि आधी स्वतः वाचा. कोणताही एक भाग निवडून त्याविषयी वीस प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरे कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीत आहेत हे तुम्ही स्वतः पाहिले आहे. मग तेच प्रश्न अक्षरांच्या शोधाला, व्याकरणाच्या शोधाला आणि अर्थाच्या शोधाला घाला, आणि प्रत्येकाने कोणती ओळ सोडली ते लिहून ठेवा. शेवटी त्या कोडमध्ये मुळात नाही अशा गोष्टीविषयी आणखी पाच प्रश्न घाला आणि साधन ‘नाही’ म्हणताना सोबत काय सांगते ते पाहा. या पंचवीस नोंदी झाल्या, की पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचायला हरकत नाही.